साखळी, पिक्सेल आणि डोंगरावरची नाचणी

(या भागाचं हे लिखित रूप. नेरळ ओलांडल्यावर ज्यांचं नेट जातं, त्यांच्यासाठी खास. बोलताना जिथं अडखळलो तिथं थोडं सारखं केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग एका प्रश्नापासून सुरू करतो. हा प्रश्न मला कर्जत तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीतल्या बाबांनी विचारला होता. मी त्यांच्या नाचणीच्या शेताच्या कडेकडेनं मोबाईल हातात धरून चालत होतो. स्क्रीनवर एक निळा ठिपका माझ्याबरोबर सरकत होता आणि मागं रेघ सोडत होता. बाबा बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "पोरा, तुझ्या या मोबाईलला चढ कळतो का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.टेक. झालेला. नकाशाचं ते छोटं ॲप मीच लिहिलेलं. मी म्हटलं, "हो बाबा, त्याला सगळं कळतं."

ते उत्तर चुकीचं होतं. किती चुकीचं, ते शेवटाकडे सांगतो. पण त्या प्रश्नामुळे मी जमीन मोजण्याचा इतिहास वाचायला लागलो, आणि त्यात एक अशी गोष्ट सापडली की रात्री बाराला कॅल्क्युलेटर काढून परत परत तपासली. इंग्रजांनी आपल्याकडे जमीन मोजायला जी साखळी वापरली, ती 33 फुटांची होती. म्हणजे 10.06 मीटर. आणि आज शेती-जंगलाच्या नकाशांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-2 या युरोपियन उपग्रहाचा एक पिक्सेल 10 मीटरचा असतो.

म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा. 'गुंठामंत्री' या शब्दातला तोच गुंठा.

हा योगायोगच आहे, त्यात काही गूढ नाही. पण जवळपास पावणेदोनशे वर्षांनी आपण फिरून त्याच मापावर आलोय. मग मोजणारी नजर बदलली का? आज आपण हेच बघणार आहोत, आणि तेही आपल्या कर्जत-खालापुरात राहून.

पाच हात, पाच मुठी

साखळीच्या आधी काठी होती. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, तिचं माप होतं पाच हात पाच मुठी लांबीची काठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि 120 बिघे म्हणजे एक चावर. माप माणसाच्या शरीरातून आलेलं. हात कुणाचा धरायचा यावरून वाद व्हायचेच, म्हणून प्रमाण काठी ठरवावी लागायची.

पण उत्तर कोकणात बऱ्याच ठिकाणी अशी मोजणी पोचलीच नव्हती. तिथं 'धेप' किंवा 'हुंडाबंदी' चालायची. म्हणजे तुकडा न मोजता ठोक सारा ठरवायचा: एवढ्या जमिनीचं एवढं भात. गावाला माहीत असायचं की कुणाचं शेत कुठल्या आंब्यापासून कुठल्या ओढ्यापर्यंत आहे. नकाशा कागदावर नव्हता, लोकांच्या डोक्यात होता.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारला प्रश्न पडला की सारा किती घ्यायचा. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं 1820 च्या दशकाच्या शेवटी पुणे भागात मोठी पाहणी केली. डोक्यात इंग्लंडचं ताजं अर्थशास्त्र. प्रत्येक शेताचं उत्पन्न काढायचं, त्यातून खर्च वजा करायचा, उरलेल्यातून सरकारचा वाटा घ्यायचा. थिअरी एकदम क्लीन. प्रत्यक्षात आकडे चुकीचे निघाले, सारा जास्त बसला, आणि शेतकरी जमिनी सोडून जायला लागले.

आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल भारी होतं, डेटा कचरा होता.

तेहतीस फूट

मग 1835 मध्ये इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघांनी नव्यानं सुरुवात केली. त्यांनी थिअरी बाजूला ठेवली. आधी शेत नीट मोजा, मातीची प्रत लावा, मग त्या भागाची परिस्थिती बघून दर ठरवा. 1847 च्या जॉइंट रिपोर्टमध्ये या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि त्या मुंबई इलाखाभर वापरल्या गेल्या.

हत्यार होतं 33 फुटांची साखळी. तिचे भाग किती? सोळा. आणि एका भागाला म्हणायचे आणा! रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. तुमच्या घरात जुनी मोजणीची कागदपत्रं असतील तर त्यात 'टिपण' नावाचा कागद सापडेल. त्यावर शेताची आकृती असते आणि कडेला साखळी-आण्यांत आकडे. क्षेत्राचा हिशेब 'गुणाकार बुका'त, आणि क्षेत्र नि आकार 'आकारबंदा'त. आजही हद्दीचा वाद झाला की भूमी अभिलेख कार्यालयात पहिल्यांदा हीच कागदपत्रं बाहेर निघतात. आपल्या सातबाराचा पाया हा आहे.

ही मोजणी आपल्याकडे आली ती 1850 च्या दशकात. तेव्हा कर्जत तालुक्याचं नाव होतं नसरापूर, आणि तो ठाणे जिल्ह्यात होता. कुलाबा जिल्ह्यात तो आला 1891 मध्ये, आणि कुलाब्याचा रायगड झाला 1981 मध्ये. याच 1850 च्या दशकात रेल्वेही आली. 1856 मध्ये गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचली. खाली दरीत रूळ टाकणारे लोक आणि बाजूच्या भातखाचरात साखळी ओढणारे लोक, हे चित्र डोळ्यासमोर आणा. कर्जत-खालापूर त्या दशकात एकदम नकाशावर आलं.

पण सगळं आलं का?

जिथं साखळी नीट पोचली नाही

कोकणात जमिनीचे दोन मोठे प्रकार. खाली सपाटीला भातजमीन, आणि वर उताराला वरकस. वरकसावर नाचणी, वरी, खुरासणी. भातजमिनीचा सारा जास्त, म्हणून तिची खाचरं बारकाईनं मोजली, प्रत लावली, पाण्याची सोय बघितली. वरकसातून सरकारला फार काही मिळत नव्हतं, त्यामुळे तिथं तेवढी बारीक मोजणी झाली नाही. मोठमोठे तुकडे, ढोबळ आकार.

आणखी एक अडचण होती. वरकसावर शेती एका जागी बसून होत नाही. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग माती थकते. तिला काही वर्षं विश्रांती द्यायची आणि शेजारचा तुकडा काढायचा. टाकलेल्या तुकड्यावर गवत येतं, झुडपं येतात, साग फुटतो. काही वर्षांनी माणूस परत तिथं येतो. हे चक्र आहे. साखळीनं मोजता येतं ते एका दिवसाचं शेत.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं उपग्रहाशी गाठ पडली की परत लागणार आहे.

जंगलाची रेघ आणि राबाचा भारा

रेल्वेला स्लीपर लागतात, म्हणजे लाकूड लागतं. मुंबई वाढत होती, तिला इमारतीचं लाकूड आणि जळण हवं होतं. 1865 मध्ये पहिला वन कायदा आला आणि 1878 मध्ये त्याहून खूप कडक दुसरा. राखीव जंगल आणि संरक्षित जंगल असे भाग पडले. नकाशावर रेघ आली: रेघेच्या अलीकडे महसुलाची जमीन, पलीकडे जंगल खात्याची.

पण भाताचं शेत त्या रेघेवर थांबत नाही. आपल्याकडे भाताची रोपं करायच्या आधी राब भाजतात. झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण असे थर रचायचे, पाऊस यायच्या आधी जाळायचे, आणि त्या राखेत पेरायचं. राब करायला फांद्या लागतात आणि फांद्या रेघेच्या पलीकडे. एका रात्रीत फांदी तोडणारा शेतकरी गुन्हेगार झाला. ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. लोकांचे हक्क किती आणि जंगल खात्याचे किती, यावर त्यात पानंच्या पानं आहेत. राब ही त्यातली मोठी भानगड.

आणि डोंगरावरच्या नाचणीचं काय झालं? रायगडात तिला एक नाव मिळालं: दळी. जंगलाच्या हद्दीतली उताराची जमीन ठाकर, कातकरी कुटुंबांना नाचणी-वरी पिकवायला द्यायची, बदल्यात थोडा सारा घ्यायचा. पण ही जमीन बहुतेक वेळा एका नाईकाच्या नावावर असायची आणि कसणारी कुटुंबं अनेक. कुणाचा तुकडा कुठं, हे सरकारी कागदावर नाही. ते पुन्हा लोकांच्या डोक्यात.

ज्या बाबांनी मला चढाचा प्रश्न विचारला, त्यांची जमीन दळीची. नाईक म्हणून नाव त्यांच्या आजोबांच्या चुलतभावाचं. बाबांचं नाव कुठल्याही कागदावर नाही. साठ वर्षं मात्र तिथं नाचणी त्यांनीच काढली.

आकाशातून दिसणारा गुंठा

आता एकदम शंभर वर्षांची उडी. जुलै 1972 मध्ये अमेरिकेनं लँडसॅट-1 सोडला. पृथ्वीवरची शेती, जंगल, पाणी बघण्यासाठीचा हा पहिला उपग्रह. त्याचा एक पिक्सेल साधारण 80 मीटरचा. गुंठ्यात हिशेब करा: दीड एकराहून मोठा. बाबांचं अख्खं शेत एका ठिपक्यात गडप. 1982 मध्ये लँडसॅट-4 आला आणि पिक्सेल 30 मीटरवर आला, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. मार्च 1988 मध्ये भारतानं आपला आयआरएस-1ए सोडला, त्याचा चांगला कॅमेरा 36 मीटरचा. 2008 मध्ये लँडसॅटचा जुना साठा सगळ्यांना फुकट खुला झाला. 2009 मध्ये इस्रोचं भुवन आलं. आणि जून 2015 मध्ये सेंटिनेल-2: दहा मीटर, फुकट, आणि 2017 मध्ये त्याचा जोडीदार आल्यावर दर पाच दिवसांनी नवा फोटो.

भातासाठी हे किती कामाचं आहे ते आपल्याच तालुक्यात बघा. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून बाहेर पडणारं पाणी राजनाल्यातून कर्जतच्या शेतांना मिळतं आणि उन्हाळी भात होतं. फेब्रुवारी-मार्चचा सेंटिनेलचा फोटो उघडा. आजूबाजूचे डोंगर करपलेले तपकिरी, आणि मधे कालव्याच्या कडेनं हिरवा पट्टा. कुठं पाणी पोचलं, कुठल्या टोकाला नाही पोचलं, घरबसल्या कळतं. पहिल्यांदा तो पट्टा बघितला तेव्हा मी आईला हाक मारून स्क्रीन दाखवली होती.

मग मी ऑगस्टचा फोटो उघडला. नाचणी बघायची होती.

पांढरं. नुसते ढग. जुलैचाही तसाच, सप्टेंबरमध्ये मधेच एखादं भोक. माथेरानच्या आणि भीमाशंकरच्या रांगेत अडकलेला आपला पाऊस, त्याच्या खाली काय उभं आहे ते साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. नाचणी लावतात जुलैत, कापतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे कालव्याचं भात आकाशातून स्वच्छ दिसतं, आणि डोंगरावरची पावसाची नाचणी बहुतेक दिवस ढगाखाली. ढगापलीकडे बघणारे रडार उपग्रह आहेत, पण त्यांचा फोटो वाचणं हे वेगळं शिक्षण आहे, आणि उताराच्या जमिनीवर ते आणखी अवघड होतं.

13 डिसेंबर 2005

हे सगळं एका तारखेला येऊन भिडतं.

2006 मध्ये संसदेनं वन हक्क कायदा केला. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला अन्याय दूर करायचा, असं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी जंगलाची जमीन कसत होता, त्याला प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीवर हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टर. जुने पट्टे, भाडेपट्टे यांचं मालकीत रूपांतर करायचा हक्कही त्यात आहे. दावा ग्रामसभेकडे करायचा, वन हक्क समिती जागेवर जाऊन बघणार, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती.

अर्थातच कुणाच्या तरी डोक्यात आलं: एवढं चालायचं कशाला? 2005 चा उपग्रहाचा फोटो काढा. शेत दिसलं तर मंजूर, झाडं दिसली तर नामंजूर.

ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आता आपण जे बघितलं ते जोडा. डिसेंबरात नाचणी कापून झालेली असते, शेतात उरतात फक्त धसकटं, आणि ती आकाशातून सुकलेल्या गवतासारखीच दिसतात. पावसाळ्याचा फोटो ढगांनी खाल्लेला. आणि त्या वर्षी तुकड्याची विश्रांतीची पाळी असेल तर? तिथं झुडपं दिसणार, सागाची रोपं दिसणार. कॉम्प्युटर म्हणणार: जंगल.

यात भर म्हणजे भारतीय वन सर्वेक्षण विभागाची व्याख्या. ते 1987 पासून देशाच्या वनाच्छादनाचे अहवाल काढतात. त्यांच्या हिशेबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची छाया दहा टक्के असली की ते वनाच्छादन, मग जमीन कुणाची का असेना आणि झाड कुठलं का असेना. देशात झाडं किती हे मोजायला ही व्याख्या ठीक आहे. पण "ही जमीन कोण कसतं?" या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही. बांधावर आंबा, फणस, मोह राखणारा माणूस या व्याख्येत स्वतःच्याच झाडांमुळे शेतकरी उरत नाही.

गुजरातेत हा वाद हायकोर्टात गेला. उपग्रहाच्या चित्रांवर भर देऊन तिथं हजारो दावे नाकारले होते. गंमत म्हणजे तिथल्या गावकऱ्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी स्वतः जीपीएस घेऊन प्लॉट चालून मोजले आणि त्याच उपग्रहाच्या चित्रांवर ते मांडून दाखवले. 2013 मध्ये गुजरात हायकोर्टानं सांगितलं की फक्त उपग्रह-चित्रावरून दावा फेटाळता येणार नाही, बाकीचे पुरावे बघावेच लागतील. त्याआधी 2012 मध्ये केंद्रानं नियम सुधारले, त्यातही हेच आहे: उपग्रह-चित्रासारखं तंत्रज्ञान पुराव्याला जोड म्हणून वापरा, बाकीच्या पुराव्याच्या जागी नाही.

बाकीचे पुरावे कुठले? दगडी बांध, सपाट केलेली जमीन, घर, झोपडी. आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. धेपेच्या काळात जो नकाशा लोकांच्या डोक्यात होता, त्याला पहिल्यांदा कायद्यानं पुरावा म्हटलं.

माझा कोड आणि बाबांचा आंबा

आता माझी चूक.

वन हक्काच्या दाव्यांसाठी वाड्यावाड्यांवर मदत करणारे काही मित्र आहेत. त्यांनी मला विचारलं, एक साधं ॲप करून देशील का? शेताच्या कडेनं चाललं की प्लॉटचा नकाशा आणि क्षेत्र निघालं पाहिजे. मी दोन वीकेंडमध्ये करून दिलं. फाईल हलकी राहावी म्हणून रेघेवरचे बिंदू कमी करणारं एक फंक्शन लावलं. दहा मीटरपेक्षा कमी बाहेर आलेला कोपरा असेल तर ते सरळ रेघ मारतं. दहा मीटर म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. ऑफिसात मी रस्त्यांचे नकाशे असेच हलके करतो.

नकाशाची प्रिंट घेऊन परत वाडीवर गेलो. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला, मग शेताच्या दिशेनं फिरवला. एका कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं माझा आंबा होता. आंब्याखालचा तुकडा कुठं गेला?"

मी लॅपटॉप उघडला. त्या बाजूला शेताला पोट होतं. ऐंशी मीटर लांब, मधे नऊ मीटर बाहेर आलेला त्रिकोण. माझ्या फंक्शननं तो कापला होता. साडेतीन गुंठ्यांहून जास्त जमीन मी एका ओळीच्या कोडनं जंगलात टाकली होती. तो कागद दाव्याला लागला असता तर आंबा रेघेच्या पलीकडे गेला असता, आणि पुढच्या पिढीत कुणीतरी नातवाला सांगितलं असतं की हा आंबा तुमचा नाही, नकाशा बघा.

आणि चढाचं? ते फंक्शन काढून टाकल्यावर मी क्षेत्राचा हिशेब तपासला. नकाशावरचं क्षेत्र आडवं धरतात, जणू डोंगर वरून दाबून सपाट केलाय. तीस अंशांच्या उतारावर तुम्ही शंभर मीटर चाललात तर नकाशावर ते सत्त्याऐंशीच मीटर भरतं. यात माझा बग नव्हता, जगभरची मोजणीची रीत आहे. साखळीवाले सुद्धा उतारावर साखळी जमिनीला टेकवत नाहीत, थोडी थोडी आडवी ताणून पायरी-पायरीनं उतरतात. पण बाबा राबतात ते उतारावर. नांगर, खुरपं, डोक्यावरचा भारा, सगळं त्या शंभर मीटरचं. म्हणून ते विचारत होते. "त्याला सगळं कळतं" असं मी म्हणालो होतो. खरं उत्तर होतं, "नाही बाबा, चढ त्याच्यात धरत नाहीत." मी ते त्यांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, "मग कागदावर लिही की चढ आहे." आम्ही पंचनाम्यात लिहिलं.

आम्ही परत चाललो. या वेळी बाबा पुढं आणि मी मागं. प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि सांगायचे: हा बांध माझ्या बापानं घातला, हा दगड दोन भावांच्या वाटणीचा, इथं शेवटची वरी कधी काढली. मित्र लिहून घेत होता. झाडीखाली मोबाईलचं लोकेशन पाच-सात मीटर इकडेतिकडे उडत होतं, म्हणजे अर्धी साखळी. तिथं आम्ही दगडापाशी थांबून दोन-तीनदा नोंद घेतली. एक दिवसाचं काम अडीच दिवस चाललं. त्या दाव्याचा निकाल अजून यायचाय.

जे नकाशात नव्हतं

चुकीच्या रेघेनं साडेतीन गुंठे जातात. अजिबात दखलच घेतली नाही तर काय जातं, हे आपण खालापुरात बघितलंय.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही, बचाव पथकं पावसात चिखलातून चढून गेली. 27 मृतदेह सापडले. 57 माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सरकारनं सांगितलं की दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

दरडीच्या धोक्याचे देशभराचे नकाशे 1:50,000 या प्रमाणावर बनवतात. त्यात उतार, खडक, माती, झाडोरा, आधीच्या दरडी यांचा हिशेब असतो. या प्रमाणावर कागदाचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा डाग. कुठला डोंगर धोक्याचा हे त्यातून ढोबळ कळू शकतं, पण त्या डोंगरावर माणसं कुठं झोपतात, कुठल्या पावसात कुठला झरा फुटतो, जमिनीला कुठं भेग पडली, हे वाडीतल्या माणसांना विचारूनच त्यात भरावं लागतं. 1850 च्या दशकात वरकस ढोबळ मोजला, कारण तिथून सारा मिळत नव्हता. आजही आपलं बारीक लक्ष जिथं पैसा तिथंच. कर्जतच्या फार्महाऊसच्या प्लॉटचा कोपरा न् कोपरा सेंटिमीटरमध्ये मोजलेला मिळेल. वरच्या वाडीचा नाही.

मग करायचं काय?

हे ऐकून कुणी म्हणेल की उपग्रह नकोच, साखळीच बरी. अजिबात नाही. गुजरातच्या गावकऱ्यांनी तोच उपग्रह वापरून दावे उभे केले. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रानं नकाशांवरचे जुने निर्बंध उठवले. ज्या अचूक मोजणीला आधी परवानग्या लागायच्या, ती आता बहुतांश ठिकाणी भारतातला कुणीही करू शकतो. त्याच वर्षी 15 ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी स्वतः आपल्या पिकाचा फोटो जागेच्या नोंदीसह टाकतो. तलाठ्याची वाट बघत बसायची गरज नाही, ही मोठी गोष्ट आहे. फक्त त्या ॲपमध्ये पहिली पायरी असते खातेदाराचं नाव निवडणं, आणि बाबांचं नाव यादीत नाही. म्हणून आधी तो दावा महत्त्वाचा.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे कोडवाले आहात, किंवा कॉलेजात आहात. क्यूजीआयएस फुकट आहे, सेंटिनेलचे फोटो फुकट आहेत, भुवन फुकट आहे. पावसाळ्यात आपण इर्शाळगडला, पेठच्या किल्ल्याला, ढाकला ट्रेकला जातोच. वाटेत ज्या वाडीत पोहे खातो, तिथल्या वन हक्क समितीला एकदा विचारा, नकाशाचं काही काम अडलंय का. अडलेलं असतं. मात्र चालताना त्यांना पुढं चालू द्या. आणि माझी एक चूक करू नका: बिंदू कमी करणारं फंक्शन बंद ठेवा.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला परत वाडीवर गेलो होतो. नाचणी कापून खळ्यावर आली होती. बाबांनी निघताना पिशवीत दोन किलो बांधून दिली आणि विचारलं, "आंबा आला का नकाशात?" मी मोबाईल उघडून दाखवला. त्यांनी बोटानं तो ठिपका जरा वेळ दाबून धरला, स्क्रीन मोठी-लहान झाली, आणि ते हसले.

आजच्यापुरतं एवढंच मंडळी. तुमच्या घरात जुनं टिपण असेल, साखळी-आण्यांचं, तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन एकदा त्या बांधावरून चाला. काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.